महानगराच्या कुशीतली रानवाट

मुंबई म्हटले की डोळ्यांसमोर काय येते? खचाखच भरलेली लोकल, आकाशाला भिडणाऱ्या इमारती, घामाच्या धारा आणि घड्याळाच्या काट्यावर धावणारी माणसे. पण याच मुंबईत रोज पहाटे शेकडो माणसे चक्क जंगलात शिरतात. कोणी पायात कॅनव्हासचे बूट घालून झपझप चालते, कोणी धावते, कोणी सायकलवर टांग टाकून चढाला लागते. साडेसात-आठ वाजता हीच मंडळी घरी परततात, डबा घेतात आणि ऑफिसच्या गाडीत उभी राहतात. शेजारच्या प्रवाशाला कळणारही नाही, की या गृहस्थांनी तासाभरापूर्वी चितळांचा कळप पाहिला आहे!

हे जंगल म्हणजे बोरिवलीचे संजय गांधी राष्ट्रीय उद्यान. क्षेत्रफळ सुमारे १०४ चौरस किलोमीटर. पश्चिमेला बोरिवली, कांदिवली, मालाड. पूर्वेला ठाणे आणि मुलुंड. दक्षिणेला आरे आणि पवई. तिन्ही बाजूंनी माणसांचा महापूर आणि मध्ये हे हिरवे बेट. एवढ्या मोठ्या शहराला खेटून राष्ट्रीय उद्यान असण्याचे भाग्य नैरोबीसारख्या जगातल्या मोजक्याच शहरांना लाभले आहे.

यात आणखी एक वेगळेपण आहे. ताडोबा, कान्हा किंवा रणथंबोरला गेलेल्या पर्यटकाला जंगल दिसते ते बहुधा जीपमध्ये बसून. गाडीतून खाली पाय ठेवण्याची तिथे मुभा नसते. बोरिवलीच्या रानात मात्र सामान्य माणूस आपल्या पायांनी हिंडू शकतो. राष्ट्रीय उद्यानात चालायला, धावायला, सायकल चालवायला मिळणे ही आपल्या देशात सहजासहजी न मिळणारी गोष्ट आहे. म्हणूनच ती जपूनही वापरायला हवी.

तीन चालींची एक वाट

मुख्य प्रवेशद्वारातून आत गेले की डांबरी रस्ता झाडांच्या कमानीखाली शिरतो. दहिसर नदीची सोबत अधूनमधून असते. सुरुवातीचा भाग सपाट आहे. तो आजी-आजोबांनाही झेपतो आणि बाबागाडीतल्या बाळालाही. जवळच्या टेकडीवर महात्मा गांधींचे स्मारक आहे. तिथवर चढून जाणे हा नियमित फिरणाऱ्यांचा आवडता व्यायाम. पुढे मात्र वस्ती मागे पडते, झाडी दाट होते आणि सहा-सात किलोमीटरवरच्या कान्हेरी लेण्यांकडे नेणारा रस्ता सुरू होतो. शेवटच्या टप्प्यात तो असा काही चढतो, की भल्याभल्यांना धाप लागते.

चालणाऱ्याला या रस्त्यावर सर्वांत जास्त मिळते. त्याला वेळ असतो. तांबट पक्ष्याचा भांडे ठोकल्यासारखा आवाज कुठून येतो हे तो थांबून शोधू शकतो. फेब्रुवारी-मार्चमध्ये पळस आणि काटेसावर फुलली की निष्पर्ण फांद्यांवर लाल-केशरी रंगांची उधळण होते आणि मध चाखायला आलेल्या पक्ष्यांची झुंबड उडते. या उद्यानात अडीचशेहून अधिक जातींच्या पक्ष्यांची आणि दीडशेहून अधिक जातींच्या फुलपाखरांची नोंद आहे. पाऊस सरताना कोवळ्या उन्हात फुलपाखरे वाटेवरच्या ओल्या मातीवर उतरतात. त्यातली क्षार असलेली ओल ती शोषून घेत असतात.

धावणाऱ्याची गोष्ट वेगळी. समुद्रकाठच्या रस्त्यावर धावणे म्हणजे गाड्यांचा धूर छातीत भरून घेणे. इथे झाडांची सावली आहे, हवा निदान दोन अंशांनी तरी थंड वाटते आणि चढ-उतारामुळे पायांना खरी मेहनत पडते. मात्र कानात गाणी लावून धावणे इथे शहाणपणाचे नाही. वानराने फांदीवरून दिलेला ‘खाक्’ असा इशारा किंवा चितळाची कर्कश हाक म्हणजे जवळपास बिबट्या असल्याची वर्दी असू शकते. ती ज्याला ऐकू येत नाही, तो जंगलात असूनही जंगलात नसतो.

सायकलस्वारांची तऱ्हा तिसरीच. ज्यांच्याकडे सायकल नाही त्यांच्यासाठी उद्यानात भाड्याच्या सायकली असतात. सुटीच्या दिवशी कॉलेजची मुले, बाप-लेक, नवरा-बायको अशा जोड्याजोड्यांनी त्या घेतात. जाताना चढावर सायकल हातात धरून चालायची वेळ येते आणि हसण्या-चिडवण्याला ऊत येतो. परतीचा उतार म्हणजे सगळ्या कष्टांचे बक्षीस! पण खरी सावधगिरी इथेच हवी. पावसाळ्यात या रस्त्यावर शेवाळ धरते आणि नुसता ब्रेक दाबला तरी चाक सरकते. थंडीच्या दिवसांत सकाळच्या उन्हाने तापू लागलेल्या डांबरावर साप ऊब घेत पडलेले असतात. वेगात आलेली सायकल त्यांना दिसत नाही आणि त्यांनाही हलायला वेळ मिळत नाही. उतारावर ब्रेक हलका धरून ठेवला, तर स्वतःचे गुडघेही वाचतात आणि एखादा मुका जीवही.

ठाण्याच्या बाजूने याच जंगलाचे दुसरे दार आहे, ते म्हणजे येऊर. उपवन तलावाकडून वर चढणारा वळणाचा रस्ता ठाणेकरांच्या पहाटफेरीचा हक्काचा रस्ता झाला आहे. डांबरी रस्ता सोडून खऱ्या रानात शिरायची हौस असेल, तर शिलोंढ्यासारख्या निसर्गवाटा आहेत. ओढ्याच्या काठाने जाणाऱ्या या वाटेवर खडक, पाणी आणि पक्षी यांची संगत मिळते. पण अशा वाटांवर वनखात्याची परवानगी आणि माहितगार वाटाड्या घेऊनच जायचे असते. एकट्याने घुसायचे नाही.

पाण्याने राखलेले रान

मुंबईने सगळे गिळले. खाड्या बुजवल्या, टेकड्या फोडल्या. मग एवढे मोठे जंगल वाचले कसे? त्याचे उत्तर पाण्यात आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर मुंबईची विहिरी-तलावांची व्यवस्था अपुरी पडू लागली. तेव्हा मिठी नदीच्या खोऱ्यात विहार तलाव बांधला गेला. १८६० मध्ये तो पूर्ण झाला आणि शहराला नळाचे पाणी मिळू लागले. पुढे १८७९ मध्ये तुळशी तलावाची भर पडली. तलावात स्वच्छ पाणी यायचे, तर भोवतालचे डोंगर झाडांनी झाकलेले हवेत. पाणलोटातली शेती-वस्ती वाढू दिली तर गाळ आणि घाण तलावात येणार. म्हणून तो परिसर राखला गेला. शहराच्या तहानेने शहराचे जंगल वाचवले.

आज मुंबईचे बहुतेक पाणी दूरच्या धरणांतून येते. विहार-तुळशीचा वाटा त्यापुढे फार लहान आहे. पण जंगलाचे काम संपलेले नाही. पावसाळ्याच्या चार महिन्यांत कोसळणारे पाणी हे डोंगर अडवतात, जिरवतात आणि हळूहळू सोडतात. दहिसर आणि मिठी या नद्यांची मुळे याच रानात आहेत. जुलै २००५ च्या महापुरात याच नद्यांनी उपनगरांत हाहाकार माजवला होता. वर झाडी नसती, तर काय झाले असते याची कल्पनाच केलेली बरी.

भिक्षूंची पायवाट

आज जो रस्ता सायकलस्वारांचा घाम काढतो, त्या दिशेने दोन हजार वर्षांपूर्वी बौद्ध भिक्षू चालत होते. कान्हेरी म्हणजे कृष्णगिरी, काळा डोंगर. या काळ्या कातळात शंभराहून अधिक लेणी खोदलेली आहेत. इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकाच्या सुमारास सुरू झालेले हे काम जवळजवळ हजार वर्षे चालू राहिले. सोपारा आणि कल्याण ही तेव्हाची मोठी बंदरे इथून फार दूर नव्हती. व्यापारी येत, दान देत आणि आपली नावे दगडात कोरून ठेवत. शिलालेखांत कल्याण, सोपारा, नाशिक, पैठण या गावांचे उल्लेख आढळतात. तिसऱ्या क्रमांकाच्या लेण्यातला प्रशस्त चैत्य आणि त्याच्या ओसरीतल्या सुमारे सात मीटर उंचीच्या बुद्धमूर्ती पाहिल्या, की चढाचा शीण विसरायला होतो. नव्वदाव्या क्रमांकाच्या लेण्यात तर अकराव्या शतकाच्या सुरुवातीला आलेल्या पारशी यात्रेकरूंनी पहलवी लिपीत आपल्या भेटीची नोंद केली आहे!

नुसती शिल्पे पाहून परत फिरू नका. लेण्यांच्या दाराशी कोरलेली पाण्याची टाकी पाहा. जुन्या लेखांत त्यांना ‘पोढी’ म्हटले आहे. डोंगरावर पडणारा पाऊस दगडी पन्हळींतून या टाक्यांत वळवलेला आहे. वर्षातले आठ महिने कोरडे जाणाऱ्या डोंगरावर शेकडो माणसे राहायची, तर प्रत्येक थेंब धरून ठेवायला हवा हे त्या भिक्षूंना कळत होते. पावसाचे पाणी साठवण्याचा सल्ला आज घरोघरी दिला जातो. त्याचा असा जुना धडा शोधायला मुंबईकराला लांब जावे लागत नाही.

लेण्यांच्या पायथ्याशी पाड्यांवरच्या बायका टोपलीत काकड्या, आवळे, बोरे आणि मोसमात करवंदे, जांभळे घेऊन बसतात. तिखट-मीठ लावलेली काकडी घ्यावी, पण माकडांवर नजर ठेवून! हातातली पिशवी ओढून नेण्यात ती पटाईत आहेत. हा दोष त्यांचा नाही. येणाऱ्या-जाणाऱ्यांनी हौसेने वेफर आणि बिस्किटे खायला घालूनच त्यांना ही सवय लावली आहे.

या बायकांचे घर हेच जंगल. वारली आणि इतर आदिवासींचे पाडे उद्यानात आहेत. आज ज्याला आपण निसर्गवाट म्हणतो, ती यांच्या आज्या-पणज्यांनी पाणी आणि सरपण आणताना पडलेली पायवाट आहे. कारवीच्या काठ्यांच्या कुडाला शेण-माती लिंपून बांधलेली झोपडी, भिंतीवरची पांढरी चित्रे आणि वाघोबाची पूजा ही त्यांची ओळख. ज्या प्राण्याच्या नुसत्या बातमीने सोसायटीत घबराट पसरते, त्याला त्यांनी देव मानून शेजारी राहू दिले. फिरायला येणाऱ्याने एवढे लक्षात ठेवले तरी पुरे, की आपण कोणाच्या तरी अंगणातून चाललो आहोत.

रात्रीचा मालक

दिवसा हा रस्ता माणसांचा, पण अंधार पडला की बिबट्याचा. २०१५ मध्ये स्वयंचलित कॅमेरे लावून केलेल्या अभ्यासात उद्यान आणि लगतच्या परिसरात ३५ बिबटे आढळले होते. एवढ्याशा जागेत इतके बिबटे जगात क्वचितच कुठे असतील. त्यानंतरच्या मोजण्यांत हा आकडा वाढलेलाच दिसला.

इतके बिबटे आणि भोवती इतकी माणसे! मग भीती नाही का? एक काळ होता, जेव्हा भीती अगदी खरी होती. २००२ ते २००४ या काळात हल्ले वाढले. जून २००४ मध्ये तर बळींच्या बातम्या एकामागून एक येत होत्या. बिबटे पकडण्याची मागणी झाली, पिंजरे लागले. पण अभ्यासकांना वेगळीच शंका आली. जुन्नर भागात विद्या अत्रेय यांनी केलेल्या अभ्यासातून दिसले, की एका ठिकाणचा बिबट्या पकडून दुसरीकडे सोडला, तर भांडण मिटत नाही, उलट वाढते. पकडलेला प्राणी बिथरतो, अनोळखी मुलखात भरकटतो आणि त्याच्या रिकाम्या जागेवर दुसरा येतो. या उद्यानातही बाहेरून पकडलेले बिबटे आणून सोडले जात होते. पुढे ही पद्धत थांबवण्यावर भर दिला गेला. २०११ मध्ये वनखात्याने नागरिक, अभ्यासक आणि पत्रकार यांना बरोबर घेऊन ‘मुंबईकर्स फॉर एसजीएनपी’ हा उपक्रम सुरू केला आणि वस्त्या-वस्त्यांत जाऊन लोकांना समजावण्याचे काम झाले. हल्ले पूर्णपणे थांबलेले नाहीत, पण बिबट्या दिसला म्हणजे त्याला पकडलाच पाहिजे, हा समज बराच मागे पडला.

समजावण्यातला सर्वांत महत्त्वाचा धडा कचऱ्याचा होता. सोसायटीच्या मागे कचरा साठला की भटकी कुत्री जमतात. कुत्री जमली की बिबट्या येतो, कारण जंगलाच्या कडेला त्याच्या पोटात कुत्र्यांचा वाटा मोठा आहे. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात तर असा अंदाज मांडला होता, की हे बिबटे वर्षाला सुमारे दीड हजार भटकी कुत्री खातात आणि त्यामुळे कुत्रे चावण्याचे प्रकार व रेबीजचा धोका कमी होतो. म्हणजे ज्याला आपण संकट समजतो, तो नकळत आपली राखणही करतो!

फिरणाऱ्याने पाळायचे नियम साधे आहेत. अंधार पडण्याआधी बाहेर पडावे. लहान मुलांना पुढे-मागे एकटे सोडू नये. झुडपाशी वाकून किंवा उकिडवे बसू नये, कारण बसलेला माणूस बिबट्याला लहान प्राण्यासारखा भासतो. समोर दिसलाच तर पळू नये, पाठ फिरवू नये. उभे राहावे, आवाज करावा आणि त्याला जायला वाट द्यावी. फोटोसाठी त्याला घेरण्याचा मोह तर मुळीच नको.

वाट झिजते तेव्हा

जंगलाला खरा धोका बिबट्यासारखा दिसत नाही, तो गुपचूप येतो. विसाव्या शतकाच्या अखेरीस उद्यानाच्या कडेने झोपडपट्ट्या आत सरकत गेल्या. १९९५ मध्ये जनहित याचिका झाली आणि १९९७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने अतिक्रमणे हटवण्याचा आदेश दिला. झोपड्या हटल्या, पण त्यात राहणाऱ्यांच्या पुनर्वसनाचा प्रश्न कित्येक वर्षे रेंगाळला. एकीकडे जंगल, दुसरीकडे डोक्यावर छप्पर नसलेला गरीब. हा पेच सोपा कधीच नव्हता. दुसऱ्या बाजूला त्याच कडेवर ‘खिडकीतून जंगल दिसते’ अशा जाहिराती करत उंच इमारतीही उभ्या राहिल्या. डिसेंबर २०१६ मध्ये उद्यानाभोवती पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र अधिसूचित झाले. जुलै २०२४ मध्ये ठाणे-बोरिवली जुळ्या बोगद्याचे भूमिपूजन झाले. जवळपास बारा किलोमीटरचा हा मार्ग मुख्यतः उद्यानाच्या पोटातून जाणार आहे. घोडबंदरचा लांबचा वळसा आणि तिथली वाहतूककोंडी सोसणाऱ्यांना तो हवासा वाटतो. डोंगराच्या पोटातल्या पाण्याचे आणि वरच्या रानाचे काय होईल, ही निसर्गप्रेमींची काळजीही खोटी नाही.

अशा वेळी जंगलाच्या बाजूने कोण बोलते? ज्याने ते कधी पाहिलेच नाही, तो नव्हे. बोलतो तो रोज पहाटे तिथे जाणारा. ज्याला ओढा केव्हा वाहू लागतो आणि केव्हा आटतो हे ठाऊक आहे, त्यालाच तो आटला तर चुकचुकल्यासारखे होते. म्हणून या वाटा हव्यात.

पण याच वाटा रानाला झिजवतातही. एकाने जवळचा रस्ता म्हणून झुडपे तुडवली, की मागून दहा जण जातात आणि पुढच्या पावसात तिथली माती वाहून जाते. वाढदिवसाचा केक, फुगे आणि प्लास्टिकचे पेले मागे राहतात. ते चितळाच्या पोटात जातात. मोठ्याने गाणी लावली, की पक्षी घरटे सोडतात. चालणारा, धावणारा आणि सायकल चालवणारा या तिघांनीही आखलेली वाट सोडली नाही, नेले ते परत आणले आणि तोंड जरा मिटून ठेवले, तर जंगलाला माणसांचे ओझे होणार नाही.

जाण्यापूर्वी

पश्चिम रेल्वेच्या बोरिवली स्थानकाच्या पूर्वेला उतरले, की उद्यान रिक्षाने काही मिनिटांच्या अंतरावर आहे. २०२२ पासून मेट्रोचे ‘राष्ट्रीय उद्यान’ स्थानकही जवळच झाले आहे. सोमवारी उद्यान बंद असते. पहाटे फिरणाऱ्यांसाठी पासची व्यवस्था आहे. प्रवेश आणि सायकलभाड्याचे दर बदलत असतात, म्हणून ते गेटवरच विचारावेत. कान्हेरीसाठी वेगळे तिकीट लागते. ज्यांना चालवत नाही त्यांनी लेण्यांपर्यंत वाहनाची सोय पाहावी. पाण्याची बाटली, टोपी आणि चांगली पकड असलेले बूट एवढे सामान पुरे. पावसाळ्यात ओढ्यात उतरू नये, कारण वर डोंगरात सर आली की पाणी क्षणात वाढते. रान पाहायला ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. हिरवाई पाहायची तर श्रावण.

आणि कारवी? ती पाहायला मात्र धीर हवा. सात वर्षे ही झुडपे नुसती पाने घेऊन उभी असतात आणि आठव्या वर्षी पाऊस ओसरताना सारा डोंगर जांभळा-निळा होतो. फुलून झाले, बी पडले की झाड मरते. या रानात कारवी २००८ मध्ये फुलली, २०१६ मध्ये फुलली आणि २०२४ मध्येही फुलली. तिचा पुढचा बहर २०३२ मध्ये अपेक्षित आहे. आज जी मुले मागच्या चाकाला आधाराची छोटी चाके लावून या रस्त्यावर सायकल शिकत आहेत, ती तोवर एकटी कान्हेरीचा चढ चढत असतील. त्यांच्यासाठी तो डोंगर जागेवर राहिला पाहिजे आणि कारवीचे बी मातीत निवांत राहिले पाहिजे. त्यासाठी आजच्या फिरणाऱ्याने फार काही करायचे नाही. वाटेने जावे आणि वाटेनेच परत यावे.